भीमेतल्या ऑक्सिजनसाठी सांडपाण्याची मर्यादा कशी ठरवावी

नदीचा वापर कशासाठी, ते आधी ठरवा. लोक अंघोळीला उतरत असतील तर लिटरमागे विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो) जास्तीत जास्त ३. नाल्यांचा प्रवाह आणि बीओडी (२७ अंशांवर, ३ दिवस) मोजून घ्या.

खरी गोम पुढे आहे: नदीत पाणी किती धरायचं? ‘वर्षाची सरासरी धरा’ असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मी पहिल्यांदा मोजमाप केलं तेव्हा उजनी धरणाचं आवर्तन सोलापूरसाठी सुटलेलं होतं. पात्र भरलेलं, ऑक्सिजन भरपूर; मर्यादाही सढळ निघाली. आवर्तन थांबलं, पाणी डोहांपुरतं उरलं, आणि एका पहाटे मासे तोंड वर काढून आ वासताना दिसले. माझं गणित बरोबर होतं, धरलेला दिवस चुकला होता. तेव्हापासून मी सलग ७ दिवसांचा, सरासरी १० वर्षांतून एकदा येणारा नीचांकी प्रवाहच धरतो.

ऑक्सिजनही पहाटेच मोजा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तेच तो ओढून घेतं. दुपारचा आकडा हमखास फसवतो. त्यात ३० अंशांचं पाणी जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. नमुन्याच्या बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं काठावरच घाला. तळाशी बसणारा साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं आहे.

आता हिशोब. समजा नदीत दिवसाला ४३.२ दशलक्ष लिटर पाणी वाहतं, बीओडी २, म्हणजे ८६.४ किलो भार (दिवसाची एकूण बीओडी) आधीच आहे. ५ दशलक्ष लिटरचा नाला मिळाला की पाणी ४८.२, आणि ३ मिलिग्रॅमच्या हिशोबाने एकूण भार १४४.६ किलो चालेल. नाल्याच्या वाट्याला उरले ५८ किलो, म्हणजे लिटरला साडेअकरा मिलिग्रॅम. प्रक्रिया करून बीओडी ३० वर आणला तरी १५० किलो जातात, म्हणून ‘प्रक्रिया केली, झालं’ हे मला मान्य नाही.

नाल्याच्या तोंडाशी मोजून परत फिरू नका. जिवाणू घाण खात जातात तसा ऑक्सिजन उतरतो, त्यामुळे ऑक्सिजनचा तळ, म्हणजे सगळ्यात कमी आकडा, प्रवाहाच्या दिशेने काही किलोमीटर खाली सापडतो. तिथेही ५ टिकत नसेल तर ५८ किलो आणखी खाली आणा. नाले अनेक असतील तर वाटणीआधी थोडा भार राखून ठेवा, आणि पुढच्या मे महिन्यात, आवर्तन बंद असताना, पहाटे त्याच सगळ्यात कमी ऑक्सिजनच्या जागी पुन्हा बाटली भरा.