लेकराला सीट बेल्ट लावताय? या चुका टाळा

तुळजापूरला नाहीतर परळीला निघायचं म्हणलं की आमच्याकडं पाचच्या गाडीत आठ जण अन् लेकरं कुणाच्या तरी मांडीवर, हे ठरलेलंच. आता समृद्धीवर गाडी घालायची म्हणून काही जण लेकरालाही बेल्ट लावतात, चांगलंच आहे, पण तो बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो हे कुणी बघत नाही.

खरी गडबड पोटावरच्या पट्ट्यानं होते. मोठ्यांच्या कंबरेची हाडं पट्टा धरून ठेवतात, पाच-सहा वर्षांच्या लेकराची हाडं अजून तेवढी उभारलेली नसतात, त्यामुळं धडक बसली की पट्टा वर सरकतो अन् सगळा झटका पोटावर येतो, आतडं फाटू शकतं, कंबरेतला मणका मोडू शकतो. पट्टा खाली, मांड्या जिथं सुरू होतात तिथं टेकला पाहिजे.

दुसरं, गळ्याला घासतंय म्हणून खांद्याचा पट्टा काखेतून नाहीतर पाठीमागून घेतात. मग वरचं अंग मोकळंच, लेकरू कंबरेतून दुमडतं अन् डोकं पुढच्या सीटवर. घासतंय म्हणजे बेल्ट मोठा पडतोय, बूस्टर सीट (लेकराला उंच बसवणारी, सीटवर ठेवायची जादा बैठक) घ्या, साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत लागतं ते. उशी ठेवून भागत नाही, ती दबते अन् लेकरू पट्ट्याखालून घसरतं.

एका बेल्टमधी दोघं नको. मांडीवर तर नकोच, धडकेत कितीही घट्ट धरा, हातातून सुटतंच. तान्ह्या बाळाला मागं तोंड असलेली सीट, अन् ती चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. (१४ वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसली तर १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं काय घेऊन बसलात.)

अन् धडक झालीच तर? लेकरू उठून खेळायलंय म्हणून हळद लावून झोपवू नका. शर्ट वर करून बघा, पोटावर पट्ट्याचा लाल-निळा वळ असला तर दवाखान्यात न्याच, कारण आतली दुखापत कधीकधी काही तासांनी उलटी, ताप, पोट फुगणं अशी वर येते. पाठ दुखतीय म्हणालं, पाय बधिर वाटले तर उचलू नका, १०८ ला फोन लावा. तपासणी होईस्तोवर खायला-प्यायला काही देऊ नका, आजी पाणी पाज म्हणली तरी. डॉक्टरला मात्र बेल्ट कुठून लावला होता ते नीट सांगा.