बदकं-कोंबड्या एकाच तळ्यावर? खुराडी मात्र वेगळी
परसातल्या तळ्यावर दोन्ही पाळणार असाल तर दिवसा खुशाल एकत्र हिंडू द्या, रात्री मात्र वेगळं कोंडा. बदक चोच बुचकळून पाणी पितं आणि भोवतालचा सगळा भुसा भिजवतं. त्या ओलीत कोंबड्यांना, विशेषतः पिल्लांना, रक्ती हगवण लागते. बदकांचं भांडं डोकं बुडेल इतकं खोल हवंच, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात. बुरशी धरलेला मका किंवा भुईमुगाची पेंड त्यांना अजिबात घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला कितीतरी लवकर मारतं. बदकं बहुतेक अंडी पहाटे घालतात, म्हणून सकाळी ९ पर्यंत सोडू नका. नाहीतर अंडी गाळात शोधत बसावं लागतं. तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर एका कडेला मातीच्या गोण्या रचून उतार करा, घसरलेल्या कोंबडीला वर येता येईल.