कॉर्ड आणि पट्टी: शिकायला लागल्यावर या चुका टाळा

मराठीत ‘पट्टी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पेटीवर किंवा कीबोर्डवर बोटाखाली दबते तीही पट्टी आणि गायक ‘माझी काळी १’ म्हणतो तीही पट्टी. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. गायकाची पट्टी म्हणजे सा कुठे धरला आहे ते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे, ठरावीक अंतरावरचे किमान तीन स्वर. एका पट्टीतल्या गाण्यात चार-पाच वेगवेगळ्या कॉर्ड येऊ शकतात. त्यामुळे ‘गाणं सी मध्ये आहे’ म्हणजे सगळं गाणं सी कॉर्ड दाबून वाजवायचं असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की सा पांढरी १ वर आहे (पांढरी १ ते ७ म्हणजे अनुक्रमे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी).

मोजताना पहिलीच पट्टी धरणं

मेजर कॉर्डचं सूत्र ४ आणि ३, मायनरचं ३ आणि ४. मोजताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरायच्या, पण जिथे बोट आहे ती पट्टी मोजायची नाही. पांढरी १ वरून निघालात की पुढची काळी १ म्हणजे ‘एक’, पांढरी २ ‘दोन’, काळी २ ‘तीन’, पांढरी ३ ‘चार’. तिथून पुन्हा पांढरी ४ ‘एक’, काळी ३ ‘दोन’, पांढरी ५ ‘तीन’. झाली सी मेजर: पांढरी १, ३, ५, म्हणजे सा-ग-प.

बोटाखालची पट्टीच ‘एक’ धरली तर चार मोजून काळी २ येते आणि तिथून तीन मोजून पांढरी ४. हे सा, कोमल ग आणि म झाले. कानाला ते अडखळल्यासारखं लागतं, पण मोजणी तर ‘बरोबर’ असते, म्हणून चूक सापडत नाही. कॉर्ड विचित्र लागली की आधी हेच तपासा. मेजर असो वा मायनर, पहिल्या आणि शेवटच्या स्वरात सात पट्ट्यांचं अंतर हवं, म्हणजेच सा-प जुळायला हवेत. ते जुळत असतील आणि तरी खटकत असेल, तर दोष मधल्या बोटाचा.

‘एक सोडून एक पांढरी’

सी कॉर्ड जमली की हात तसाच उजवीकडे सरकवत न्यायचा मोह होतो. पांढरी २, ४, ६ दाबली आणि ‘डी वाजवली’ असं वाटलं, पण ती डी मायनर आहे. डी मेजरला मधली पट्टी काळी ३ लागते. फक्त पांढऱ्यांवर एक सोडून एक दाबत गेलात तर सी, एफ, जी या तीन मेजर येतात; डी, ई, ए या तीन मायनर; आणि पांढरी ७ वरची तर दोन्हींत बसत नाही, ती डिमिनिश्ड (३ आणि ३). म्हणून कागदावर ‘ए’च्या पुढे छोटा एम आहे की नाही हे नीट पाहा. त्या एका अक्षराने शुद्ध गचा कोमल ग होतो.

सातच्या आकड्याचंही तसंच. ‘सी सेव्हन’ म्हणजे सा-ग-प आणि कोमल नी. शुद्ध नी घातलीत तर ती मेजर सेव्हन होते. ती गोड असते, पण वेगळी कॉर्ड आहे.

काळी १ ची भीती

क्लासमध्ये सगळं पांढरी १ वर शिकवतात आणि घरी गाणारा काळी १ मागतो. मग ट्रान्सपोजचं (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं) बटण दाबून मोकळं व्हायचं. बटण वाईट नाही, पण सूत्र हातात असेल तर काळी १ उलट सोपी आहे. सात स्वरांत पाच काळ्या आणि दोनच पांढऱ्या:

सा-ग-प: काळी १, पांढरी ४, काळी ४
म-ध-सा: काळी ३, काळी ५, काळी १
प-नी-रे: काळी ४, पांढरी १, काळी २

या तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर येतात. सा पहिल्या दोन्हींत, प पहिल्या आणि तिसरीत, बाकी प्रत्येक स्वर एकेकीत. त्यामुळे सरळ शुद्ध स्वरांच्या गाण्याला कुठली कॉर्ड लावायची याचं उत्तर चालीतच असतं. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) चालीचा कुठला स्वर पडतो ते बघा आणि तो जिच्यात आहे ती कॉर्ड धरा. रे पडला तर प-नी-रे, ध पडला तर म-ध-सा. सा किंवा प पडला तर दोन पर्याय, तिथे कानाने निवडा. केरव्यात आठ मात्रांना एक किंवा दोन कॉर्ड पुष्कळ झाल्या. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड बदलत गेलं की गाण्याला दम लागतो.

हात उड्या मारतो

तिन्ही कॉर्ड सरळ मूळ रूपात वाजवल्या की हात इकडून तिकडे धावतो आणि बदलताना ताल सुटतो. उजव्या हाताने असं करून पाहा: सा-ग-प (बोटं १-३-५), मग सा तसाच धरून सा-म-ध (१-३-५), मग खालचा नी, रे आणि प (१-२-५). अंगठा जेमतेम एक पट्टी सरकतो. स्वर तेच आहेत, फक्त क्रम बदलला. कॉर्डचं नाव सगळ्यांत खाली कुठला स्वर आहे यावरून ठरत नाही. नी-रे-प ही ‘नीची कॉर्ड’ नव्हे, ती प चीच.

डाव्या हाताने फार खालच्या सप्तकात तीन स्वर दाबले की नुसती घरघर होते. खाली एकच सा किंवा सा-प ठेवा, तीन स्वर मध्य सप्तकाच्या आसपास.

रागावर मेजर-मायनरचा शिक्का

‘बिलावल म्हणजे मेजर’ हे खरं. ‘कोमल ग आला की मायनर’ हे अर्धंच खरं, आणि घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात होतो. आसावरी थाटात (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसंच) ध कोमल, त्यामुळे म वरची कॉर्ड मायनर येते. काफीत ध शुद्ध, त्यामुळे तीच म वरची कॉर्ड मेजर. काफीच्या अंगाच्या गाण्याला सवयीने म मायनर लावली की कोमल ध घुसतो आणि गाणारा मागे वळून बघतो.

यमनमध्ये शुद्ध म नाही. तिथे म-ध-सा ही कॉर्ड लावायचीच नाही. रे-तीव्र म-ध चालते. भैरवात रे कोमल, म्हणून नेहमीची प-नी-रे बसत नाही. म-कोमल ध-सा ही मायनर मात्र बसते. किरवाणीच्या वळणाच्या चालींत नी शुद्ध असतो, तिथे प वरची कॉर्ड मेजर हवी. ए मायनरमध्ये ई मायनर वाजवून ‘काहीतरी फिकं वाटतंय’ असं होतं त्याचं कारण बहुधा हेच.

आणि रागदारीच्या जवळ जाणाऱ्या अभंगाला किंवा नाट्यगीताला भरगच्च कॉर्ड लावण्याचा अट्टहास का, हाही प्रश्न आहेच. जिथे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वर हळुवार हलवणं) आहे तिथे मधला ठाम स्वर गळ्याच्या आड येतो. प वर्ज्य नसेल तर सा-प पुरतात.

कॅपो, बटण आणि दोन वेगवेगळी उत्तरं

गिटारवाल्याने चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि हाताने ए चा आकार धरला. पेटीवाल्याने विचारलं, ‘कुठली?’ उत्तर आलं, ‘ए.’ पेटीवाला पांढरी ६ वर गेला. प्रत्यक्षात वाजतेय काळी १, कारण कॅपो दर फ्रेटला अर्धा स्वर चढवतो. विचारायचं ते आकाराचं नाव नव्हे, तर ‘सा कुठे?’ हे. पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चा आकार, याचं उत्तरही काळी १ च.

कीबोर्डचंही तसंच. ट्रान्सपोज १ वर ठेवून पांढरी १ दाबली की ऐकू येते काळी १. आधीच्या गाण्याचा आकडा तसाच राहिला आणि पुढचं गाणं तुम्ही खऱ्या पट्टीत वाजवायला घेतलंत की सगळं अर्ध्या स्वराने चढलेलं. सुरू करण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना ते बघा.

एका बोटाने कॉर्ड देणाऱ्या सोयीत आणखी एक खाच आहे. कॅसिओच्या पद्धतीत मूळ पट्टीच्या उजवीकडची कुठलीही एक पट्टी जोडली की मायनर होते. यामाहाच्या पद्धतीत मूळ पट्टीच्या डावीकडची जवळची काळी जोडली की मायनर, आणि पांढरी जोडली की सेव्हन्थ. वाद्य बदललं की बोटांची सवय चुकीची ठरते.

सगळं बरोबर असूनही पेटी आणि गिटार एकत्र वाजताना आवाज लाटांसारखा हलत असेल, तर कॉर्ड बदलत बसू नका. ट्यूनर गिटार ४४० हर्ट्‌झच्या ए वर लावतो, पेटी मात्र थोडी वर किंवा खाली असू शकते. पेटीचे सूर बैठकीत बदलता येत नाहीत. पेटीचा एक स्वर दाबून धरा आणि लाटा थांबेपर्यंत गिटारची तार त्याला मिळवा, मग बाकीच्या तारा तिच्याशी. कीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये ट्यूनिंगचा आकडा असतो, तो हळूहळू सरकवायचा. ट्रान्सपोजचं बटण इथे कामाचं नाही. ते एका दाबात अर्धा स्वर उडी मारतं.