लिंक पाठवण्याआधी

सत्र सुरू व्हायला आठवडा उरला की आपली शिक्षकांची गूगल क्लासरूम उघडा, गूगल फॉर्म बनवा, पीडीएफ चढवा अशी धांदल उडते. त्यात काय काय पाहायचं ते लिहितो. सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मागच्या सत्रात केलेल्या माझ्या यादीत राहून गेली होती: प्रत्येक लिंक विद्यार्थ्याच्या खात्यातून, विद्यार्थ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा. आपल्या लॅपटॉपवर सगळं उघडणारच, मालक आपणच असतो. त्यावरून काहीही कळत नाही. एक साधं जीमेल खातं फक्त या कामासाठी काढा, घरातला जुना अँड्रॉइड मोबाइल हाताशी ठेवा आणि वायफाय बंद करून डेटावर तपासा.

लॅपटॉप, चार्जर, केबल यांबद्दल सांगायला नको. एवढंच, की जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल लागते आणि व्हीजीएमधून आवाज जात नाही. स्पीकर वेगळा न्या.

खात्यांचा घोळ वर्गात जाण्याआधी मिटवा. कॉलेजच्या खात्यावरून फॉर्म बनवला तर ‘फक्त संस्थेतले वापरकर्ते’ ही अट बहुधा आपोआप लागलेली असते. मुलगी स्वतःच्या जीमेलवरून उघडते आणि तिला ‘परवानगी हवी’ एवढंच दिसतं. क्लासरूमच्या कोडचंही तसंच: ॲडमिनने बाहेरची खाती चालू ठेवली नसतील तर बरोबर कोड टाकूनही वर्ग सापडत नाही. कोणतं खातं वापरायचं ते फळ्यावर लिहा. तरीही ईमेलवर विसंबू नका, कारण एका मोबाइलवर भावाचं, आईचं, सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेलं अशी तीन-तीन खाती असतात. रोल नंबरचा प्रश्न सक्तीचा करा आणि त्याला आकड्याची अट घाला, समजा १ ते १२०. नाहीतर कुणी ‘३४’ लिहितं, कुणी ‘रोल नं. ३४’, कुणी नुसतंच नाव, आणि गुणांची शीट क्रमाने लावताना डोकं उठतं.

चाचणीच्या फॉर्मला घाई करू नका. सेटिंग्जमध्ये ‘रिलीज ग्रेड्स’ आहे. ते ‘इमिजिएटली’वर राहिलं आणि बरोबर उत्तरं दाखवायची खूणही चालू असली, तर पहिल्याच मुलाने सबमिट केल्यावर त्याच्यापुढे उत्तरं येतात. स्क्रीनशॉट ग्रुपवर जायला मिनिट लागत नाही. ‘लेटर, आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू’ निवडा. एका शब्दात उत्तर मागणार असाल तर मराठीत आणखी एक खड्डा आहे. फॉर्म अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच त्याच्या लेखी वेगळे. ‘संपादन’ आणि ‘सम्पादन’ वेगळे, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शून्य. उत्तरसूचीत सगळी संभाव्य रूपं भरा, किंवा सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या. मग तो फॉर्म दुसऱ्या खात्यातून, मोबाइलवरून, मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन सबमिट करा. सबमिट केल्यानंतर काय दिसतं तेच तर पाहायचं आहे. तपासून झाल्यावर आपली नोंद पुसा.

नोट्सचा फाँट हा मराठी विभागांचा जुना दुखरा विषय. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसावी अशी पद्धत) नसलेल्या फाँटमधली वर्ड फाइल मोबाइलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फाँट आपल्या संगणकात असतो म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, त्यांच्या मोबाइलवर उघडून पाहा. तातडीचं असेल तर ज्या संगणकावर फाँट आहे तिथेच पीडीएफ करा. पण त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही, त्यामुळे सवडीने कन्व्हर्टरने युनिकोड करून जोडाक्षरं नजरेखालून घालाच.

गूगल ड्राइव्हमधली फाइल मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. लिंक कॉपी केली म्हणजे ती उघडी झाली असं नाही. ‘एनीवन विथ द लिंक’ करा, उजवीकडे ‘व्ह्यूअर’च राहू द्या, ‘एडिटर’ केलंत तर कुणाच्या तरी बोटाने अर्धं पान उडेल. आणि उघडून पाहा. दुसऱ्या खात्यातून!

गृहपाठ लावताना प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायची असेल तर ‘मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट’ हे असाइन करण्याआधीच निवडावं लागतं, नंतर ते बदलता येत नाही. मुदतीत वेळ टाकली नाही तर रात्रीचे ११:५९ धरले जातात. फॉर्ममधून फोटो मागवले की ते तुमच्या ड्राइव्हमध्ये साठतात. एकाची ८ पानं, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ३२ एमबी. १२० मुलांचे जवळपास ४ जीबी. फुकटच्या खात्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी मिळतात, आणि ते भरले की मेल यायचीही बंद होते. ड्राइव्ह ॲपनेच स्कॅन करून एकच पीडीएफ मागवा, कमाल १० एमबी.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणाऱ्या मुलांचा विचार शेवटी नको. घरी रेंज नसते, असली तर अंगणाच्या एका कोपऱ्यात असते. तासाभराचा व्हिडिओ त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. ८-१० मिनिटांचे तुकडे करा, सोबत दोन पानांची पीडीएफ द्या, आणि कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायला वेळ द्या, कॉलेज सुटायच्या घाईत नव्हे. मुदत एका रात्रीची ठेवू नका.

ऑनलाइन तास: फुकटच्या खात्यावर झूम ४० मिनिटांनी तुटतं, गूगल मीट तिघे किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटांनी. ४८ मिनिटांचा तास असेल तर झूमचं गणित आधीच करा. महावितरणचा देखभालीचा दिवस पाहून तारीख ठरवा.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मुलींना त्याचा त्रास होतो. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते वापरा.

स्वयम्‌चा (केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळाचा) कोर्स सुचवणार असाल तर कोर्सची नोंदणी फुकट, परीक्षेचा अर्ज वेगळा आणि त्याला शुल्क. दोन्ही तारखा लिहून द्या.

चाचणी संपली की फॉर्म बंद करा. उत्तरांची शीट त्याच दिवशी एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.