क्लाऊनफिशच्या जोडीत भांडण लागलं तर

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये क्लाऊनफिशच्या, म्हणजे ‘नीमो’सारख्या माशांच्या, जोडीतला मोठा क्लाऊन छोट्याच्या मागे लागलेला दिसला की आपला हात आधी जाळीकडे जातो. तो आवरा आणि खुर्ची घेऊन टँकपासून पाच-सहा फुटांवर बसा. काचेला नाक लावून बसलात तर दोघंही खाण्याच्या आशेने पुढे येतील आणि त्यांचं खरं वागणं दिसणार नाही. अर्धा तास नीट बघितलं की हे भांडण चालू द्यायचं की थांबवायचं, ते बहुतेक वेळा कळतं.

बघायचं ते छोट्याकडे. सगळ्यांचं लक्ष मोठ्या माशाकडे जातं, पण निर्णय छोट्याच्या वागण्यावरून घ्यायचा. मोठी (जोडीतला मोठा मासा मादी असतो) जवळ आल्यावर छोटा अंग एका बाजूला कलतं करून थरथरतोय का? पहिल्यांदा बघणाऱ्याला ही फिट वाटते, म्हणून लोक घाबरून मला व्हिडिओ पाठवतात. मी त्यांना सांगते, हे दिसलं म्हणजे चांगलंच चाललंय. ‘तू मोठी, मी धाकटा’ अशी ती कबुली आहे, आणि कबुली मिळाली की मोठी सहसा तोंड फिरवून निघून जाते. घरात शांतता असेल तर या वेळी टँकमधून टकटक असा बारीक आवाजही येतो. क्लाऊनफिश जबडा झटक्यात मिटून दातांवर दात आपटतात, त्याचा तो आवाज. बेल्जियमचे संशोधक एरिक पारमेंतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ही क्रिया उलगडून दाखवली.

छोटा थरथरतोय, पळून परत येतोय, खातोय, आणि पराच्या कडेला फक्त बारीकशी खाच आहे, एवढंच असेल तर हात लावू नका. नवीन जोडीत हे काही दिवस चालतं, कधी काही आठवडेही.

पुढचं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी हलायचं. छोटा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा पंपाच्या मागे अडकून राहिलाय आणि खायलाही खाली येत नाही. शेपटी मुळापर्यंत फाटलीय, खवले निघालेत, कल्ले धापा टाकल्यासारखे हलतायत. किंवा दोघं तोंडात तोंड अडकवून एकमेकांना ओढतायत आणि कुणीच थरथरत नाही. यातलं शेवटचं मला सगळ्यात गंभीर वाटतं, कारण तिथे माघार घ्यायला कुणीच तयार नसतं.

असं का होतं, ते समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतात. क्लाऊनफिश आधी नर होतात आणि गटातला सगळ्यात वरचा मासा मादी होतो. मादी गेली की तिच्या खालचा नर मादी होतो. उलट कधीच होत नाही, मादी पुन्हा नर होत नाही. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पर्क्युला या जातीच्या क्लाऊनचे गट अभ्यासले, तेव्हा खालचा प्रत्येक मासा आपली वाढ रोखून वरच्यापेक्षा लहानच राहतो असं त्यांना दिसलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे या माशांमध्ये शांतता आकारातल्या फरकावर टिकते. दोघं सारख्या मापाचे झाले की क्रम पुन्हा ठरवावा लागतो, आणि समुद्रात हरलेल्याला निघून जाता येतं तसं तीन फुटी टँकमध्ये जाता येत नाही.

म्हणून खरेदी करतानाच मापाकडे बघा. क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला ‘जोडी’ म्हणून दोन सारखे, चांगले भरलेले मासे पुढे केले तर सरळ विचारा, हे एकाच टँकमध्ये एकत्र राहत होते का? नसतील तर घेऊ नका. त्या दोन माद्या असू शकतात, आणि दोन माद्यांचं कधी जमत नाही. एक साधारण अडीच सेंटीमीटरचं पिल्लू आणि एक चार सेंटीमीटरचं, असं घ्या. ऑसेलॅरिस जातीचा क्लाऊन घेतलात तर उत्तम, तो सगळ्यात समंजस. ‘मरून’ (गडद लाल) जातीच्या क्लाऊनची मादी नराच्या कितीतरी पट मोठी होते आणि तिचा राग जीवघेणा असतो, त्यामुळे नवशिक्यांनी त्या जोडीच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शक्यतो टँकमध्ये पैदास झालेले मासेच मागा. आपल्याकडे तमिळनाडूतल्या मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रानेही क्लाऊनची पैदास करून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातून उपसून आणलेला मासा घेण्याचं कारण उरत नाही.

आता वेगळं करण्याबद्दल. दुसरा टँक लगेच लागत नाही. भाजी धुवायची भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली नवी घ्या, साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा आणि झिप टायने टँकच्या कडेला अशी बांधा की अर्धी पाण्यात राहील. भोकांतून पाणी खेळलं पाहिजे पण मासा निसटता कामा नये. वरून जाळी लावाच, क्लाऊन उडी मारतात. टँकचे दोन भाग करायचे असतील तर ट्यूबलाइटच्या फिटिंगला लावतात ती चौकोनी प्लास्टिक जाळी कापून बसवा. पिल्लू लहान असेल तर त्या जाळीला आणखी बारीक जाळी जोडा.

टोपलीत कुणाला ठेवायचं? नवीन छोटा आणलाय तर छोट्याला, म्हणजे मोठीला तो दिसतो पण चावता येत नाही. जुन्या जोडीत मारामारी सुरू झाली असेल तर मारणाऱ्याला. मोकळा राहिलेला मासा तेवढ्यात टँकभर फिरतो, खातो, जागा ओळखीच्या करून घेतो. दोघांना एकाच वेळी, टोपलीच्या दोन बाजूंना खायला घाला. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. मोठी टोपलीवर धडका मारायची थांबली आणि छोटा तिला बघून थरथरायला लागला, की वेळ झाली.

सोडताना आधी दोघांना पोटभर खायला घाला. दोन-तीन दगड हलवा, म्हणजे कुणाचीच जुनी जागा उरणार नाही, आणि छोट्याला घुसता येईल पण मोठीला येणार नाही अशी एक तरी फट ठेवा. दिवे मंद करून सोडा. सुट्टीच्या दिवशी सोडा, कारण पहिले काही तास नजर लागते. पुन्हा तीच मारामारी झाली तर परत टोपली.

जुनी, जमलेली जोडी अचानक बिघडली तर आधी अंडी शोधा. दगडावर किंवा काचेवर केशरी ठिपक्यांचा पट्टा दिसेल. आमच्याकडच्या मादीला घरात सगळे आक्का म्हणतात. अंडी असली की ती नराला ढोसून ढोसून अंड्यांकडे परत पाठवते, कारण राखण आणि पंख्यासारखे पर हलवून वारा घालणं हे त्याचं काम. माझ्या हातालाही ती चावते. हे दिवस सोडून द्यायचे. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात. तोवर त्या बाजूची काच लांब दांड्याच्या ब्रशने, अंडी वगळून साफ करा. त्या दिवसांत दगड हलवू नका.

उपचारासाठी एखादा मासा काही काळ बाहेर होता, हेही एक कारण असतं. परत आल्यावर त्याला जोडीदार अनोळख्यासारखा वागवतो. त्यालाही टोपलीतूनच परत आणा. आणि भांडण मिटवायला म्हणून अनेमनी (समुद्रात क्लाऊन ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा दिसणारा जीव) मुळीच आणू नका. तिच्यावरून नवीन हद्द तयार होते, आणि टँक जुना, स्थिर नसेल तर अनेमनीच मरते.

जखमी माशाला स्वच्छ पाणी हेच पहिलं औषध. क्षारता आणि तापमान स्थिर ठेवा, अमोनिया शून्य आहे ना ते तपासा. जखमांच्या जागी चिकट पांढरा थर अंगभर पसरायला लागला आणि मासा धापा टाकायला लागला, तर तो भांडणाचा परिणाम समजून थांबू नका. ती ब्रुकलिनेला या परजीवीच्या लागणीची लक्षणं असू शकतात. ही लागण वेगाने मारते आणि वेगळ्या टँकमध्ये फॉर्मालिनचे उपचार लागतात. ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करा.

दोन-तीनदा वेगळं करूनही जमलं नाही तर एकाला दुसऱ्या घरी द्या. देताना मासा मादी वाटत असेल तर ते घेणाऱ्याला आठवणीने सांगा आणि तिच्याबरोबर अगदी लहान पिल्लूच आणायला सांगा.