स्वतःला जंगली प्राणी समजून नोंदी कशा लिहायच्या

स्वतःवर विनोदी लिहायचं म्हटलं की बहुतेक जण "मी ना फार आळशी आहे" अशी सुरुवात करतात, आणि तिसऱ्या ओळीला वाचणाऱ्यालाच जांभई येते. त्यापेक्षा स्वतःला जंगलात सोडून द्या. प्राणी तुम्हीच आणि मचाणावर वही घेऊन बसलेलेही तुम्हीच.

आधी "मी" हा शब्द बंद. सदर प्राणी म्हणा, एकांडा नर म्हणा, वयस्क मादी म्हणा, काहीही चालेल. शास्त्रीय नाव हवंच. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ साली आपल्याला होमो सेपियन्स म्हटलं, सेपियन्स म्हणजे शहाणा, पण रात्री अडीचला स्वतःचेच जुने फोटो झूम करून बघणाऱ्याला ते शोभत नाही, तर दुसरा शब्द बदला. प्राणी जिथं सापडतो त्या जागेवरून नाव द्यायचं असेल तर शेवटी 'एन्सिस' लावायची पद्धत आहे. माझं झालं होमो सोफाएन्सिस.

आता मुख्य गोष्ट, आणि इथंच सगळे घसरतात. प्राण्याच्या मनातलं लिहायचं नाही. "प्राण्याला कंटाळा आला", हे तुम्हाला मचाणावरून कसं कळलं? दिसलं तेवढंच लिहा: "प्राणी उठला. फ्रीज उघडला. आत बारा सेकंद पाहिलं. काहीही न घेता बंद केला. चार मिनिटांनी परत तेच. दरम्यान फ्रीजमध्ये कोणताही बदल झालेला नव्हता." बास, हसू आपोआप येतं, तुम्ही वेगळा जोक टाकायला गेलात की संपलं.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे आधी वर्तनांची यादी करतात, तिला इथोग्राम म्हणतात, आणि प्रत्येक वर्तनाची व्याख्या इतकी काटेकोर ठेवतात की दुसऱ्या कुणीही बघून तीच नोंद करावी. तसंच करा. लोळणं: पाठ टेकलेली, डोळे उघडे, स्क्रीन चालू. झोपणं: पाठ टेकलेली, डोळे बंद, स्क्रीन तरीही चालू.

वाटेल तेव्हा लिहू नका, नाहीतर फक्त गमतीशीर तेवढंच वहीत उतरतं. मोबाईलवर दर १५ मिनिटांनी अलार्म लावा आणि त्या क्षणी जे चाललंय ते लिहा. मी एका रविवारी सकाळी आठ ते बारा हे केलं, सतरा नोंदी झाल्या. लोळणं ११, फ्रीज ३, तोच एक मोजा उचलून परत तिथंच ठेवणं २, आणि एकदा "प्राणी दृष्टिआड" (बाथरूम). आदल्या दिवशीच्या नोंदी मात्र फाडून टाकल्या, कारण आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे म्हटल्यावर प्राण्याने चक्क अंथरूण आवरलं होतं. जेन गुडॉल १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास करायला आताच्या टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गेली तेव्हा तेसुद्धा सुरुवातीला तिला बघून पळायचे, सरावायला बरेच महिने गेले. तुम्ही निदान एक दिवस तरी द्या.

माझा आवडता भाग म्हणजे भलतंच वर्तन. टिनबर्गन नावाचा शास्त्रज्ञ होता, १९७३ च्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी एक, त्याने यावर बरंच लिहिलंय. दोन कोंबडे झुंजता झुंजता मध्येच थांबतात आणि जमिनीवर चोची मारायला लागतात, जणू दाणेच टिपतायत. लढावं की पळावं ठरत नाही म्हणून तिसरंच काहीतरी. आता माझी नोंद बघा: "प्राण्याने महत्त्वाचा मेल उघडला. 'नमस्कार,' एवढं टाईप केलं. कान साफ करायची काडी आणली आणि कीबोर्डच्या फटी साफ करू लागला. कालावधी ४० मिनिटं." याला तुम्ही टाळाटाळ म्हणाल, म्हणा, पण वहीत तो शब्द येऊ देऊ नका.

ठसे विसरू नका: अर्धे भरलेले तीन कप, चार्जरची वायर, उशीखाली रिमोट. विष्ठेच्या नोंदींना खऱ्या अभ्यासात फार महत्त्व असतं, इथं कृपया वगळा. दारावरची बेल वाजली की काय होतं ते मात्र नक्की टिपा, माझा प्राणी जागीच थिजतो, टीव्हीचा आवाज शून्य करतो आणि समोरचा निघून जाईपर्यंत श्वास घेत नाही.

एक अडचण राहते. प्राणी झोपला की निरीक्षकही झोपतो. रात्रीच्या नोंदींसाठी घरातल्या कुणाला तरी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा जंगलातला कॅमेरा) समजा आणि सकाळी विचारा. माझ्याकडे त्या मार्गाने "घोरणं, मोठ्याने, कूस बदलेपर्यंत" अशी नोंद आली आहे. प्राण्याला ती मान्य नाही.