"एकच तर गोळी आहे!" बुरशीची गोळी घेताना या चुका टाळा

दुकानात गर्दी असली की ती बाजूला उभी राहते. पदराखाली रिकाम्या पट्टीचा कापलेला तुकडा. बाकीची गिऱ्हाईकं गेली की काउंटरला टेकून हळूच म्हणते, "ताई, ती एकच गोळीवाली द्या की." सांगलीत मेडिकलमध्ये उभं राहून मला १४ वर्षं झाली. अशी बाई आली नाही असा आठवडा आठवत नाही. कधी बुधगावची, कधी कवलापूरची, कधी आमच्याच गल्लीतली.

गोळीचं नाव फ्लुकोनाझोल, १५० मिलिग्रॅम. योनीमार्गात बुरशी वाढली की डॉक्टर ती देतात आणि बहुतेक वेळा खरोखरच एका गोळीत भागतं. औषध चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घात होतो तो 'एकच' या शब्दाने. एकच आहे म्हणून कुणी डॉक्टरला विचारत नाही, बाकीच्या गोळ्यांची नावं सांगत नाही, आणि ती औषधात धरतही नाही.

गोळी एक असली तरी काम एका दिवसाचं नसतं. फ्लुकोनाझोलचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ३० तास लागतात. म्हणजे सोमवारी गिळलेली गोळी गुरुवार-शुक्रवारपर्यंत अंगात थोडीफार असतेच. म्हणून तर एक पुरते, आणि म्हणूनच दुसऱ्या औषधाशी तिची गाठ पडली तर तीही चार-पाच दिवस सुटत नाही.

आधी ती बुरशीच आहे का?

ही बुरशी कॅन्डिडा नावाची. ती आपल्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात एरवीही थोडी असतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, शुगर वाढली, स्टेरॉइड चालू असलं किंवा दिवस गेले असले की तिला मोकळं रान मिळतं.

'अंगावरून पांढरं जातंय' एवढ्यावर मात्र गोळी मागू नका. बुरशी असेल तर स्राव घट्ट, फुटलेल्या दह्यासारखा असतो, खाज जीव नकोसा करते, लघवीला जळजळतं, पण वास फारसा येत नाही. मासळीसारखा वास आणि पातळ करडं पाणी असेल, किंवा हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल, तर तो जंतुसंसर्ग निराळा आणि त्याचं औषधही निराळं. तिथे फ्लुकोनाझोल घेऊन काहीच होत नाही. ओटीपोटात दुखणं, ताप, रक्त दिसणं यांपैकी काहीही असेल तर मेडिकलची पायरी नंतर, दवाखान्याची आधी. पहिल्यांदाच त्रास होतोय तरीही तसंच. तपासून घ्यायला लाज वाटते हे मला कळतं. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि तिथे रोज असेच पेशंट येत असल्यामुळे कुणी भुवई उंचावत नाही.

तोंडाच्या बाबतीत गोंधळ आपल्या भाषेनेच केलाय. 'तोंड आलंय' असं आपण फोड आल्यावरही म्हणतो आणि पांढरा थर आल्यावरही. फोड म्हणजे गोल, खोल, झोंबणारे. बुरशी म्हणजे साय धरल्यासारखा थर, कापसाने पुसला की निघतो आणि खाली लालभडक दिसतं. फोडांवर बुरशीची गोळी चालत नाही, आणि बुरशी बी-कॉम्प्लेक्सने जात नाही. तिसरी गोष्ट जास्त कळकळीने सांगते: मावा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या गालात पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा असेल, तर गोळ्यांत एक दिवसही घालवू नका. तो दातांच्या डॉक्टरला दाखवा, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

दुसऱ्या गोळ्यांबद्दल न बोलणं

माझी सख्खी मावशी मिरजेला असते. तिचं हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची असिनोकौमारॉलची गोळी रोज संध्याकाळी चालू. एका थंडीत छातीत कफ झाला, अँटिबायोटिक झालं, पाठोपाठ जीभ पांढरी पडली. जवळच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय फ्लुकोनाझोलच्या सात गोळ्या मिळाल्या. पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, ब्रश करताना बेसिन लाल झालं आणि दंडावर मार न लागता निळे डाग दिसतायत.

"मावशी, नवीन काय चालू केलंस?"

"काही नाही गं. तोंडाची गोळी तेवढी."

तिचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा असतो, तो सहाच्या वर गेला होता. दवाखान्यात ठेवावं लागलं. वेळेत कळलं म्हणून निभावलं. मला आजही राग येतो तो त्या काउंटरवर एकही प्रश्न विचारला गेला नाही याचा. "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" एवढं पुरलं असतं.

हे होतं कसं? कारखान्याच्या गेटवर वजनकाटा बंद पडला की उसाच्या गाड्यांची रांग लागते, गाड्या येत राहतात पण आत जात नाहीत. लिव्हरमध्ये औषधांची मोडतोड करणारा असाच एक काटा आहे, आणि फ्लुकोनाझोल तो अडवून धरतं. मग दुसरं औषध नेहमीच्याच डोसमध्ये घेतलं तरी अंगात साठत जातं.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन आणि असिनोकौमारॉलबरोबर हे सर्वांत घातक. तोंडात लावायचं मायकोनाझोलचं जेलही इथे निर्धोक नाही, वॉरफरिन घेणाऱ्यांच्या बाबतीत तेही रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतं. शुगरच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचा जोर वाढून साखर एकदम खाली जाते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. फिट्सच्या फेनिटोइनने तोल जायला लागतो. कोलेस्टेरॉलच्या अटोरवास्टॅटिन किंवा सिमवास्टॅटिनबरोबर मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या किंवा लघवी चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलटं आहे, ते फ्लुकोनाझोललाच लवकर संपवतं आणि बुरशी तशीच राहते.

एक जोडी तर घरोघरी आहे आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. 'गॅसची कॅप्सूल' म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतली जाते, तिच्यात बऱ्याचदा पॅन्टोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असतं. डोमपेरिडोन आणि फ्लुकोनाझोल एकत्र आले की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. पट्टी उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचा. वाचता येत नसतील तर पट्टीच दुकानात आणा, अर्धी कापलेली असली तरी चालेल, फक्त नावाचा भाग ठेवा. आपल्याकडे नेमका तोच भाग आधी कापला जातो!

वारंवार होतंय, आणि दर वेळी गोळी

वर्षात चार वेळा ही गोळी मागायला आलेल्या बाईला मी पाचव्यांदा गोळी देत नाही, आधी बसवते. अनेकदा मूळ कारण शुगर असतं, कधी माहीत असलेली, कधी अजून न सापडलेली. अलीकडे आणखी एक कारण बरंच दिसतं. शुगरसाठी दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी २०२० मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्त झाली आणि गावोगावी पोचली. ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. हृदयासाठी, किडनीसाठी औषध उत्तम आहे, पण लघवीच्या जागी साखर आली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. एम्पाग्लिफ्लोझिनचंही तेच. पण म्हणून ही शुगरची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. "या गोळीपासून खाज सुरू झाली" असं डॉक्टरला स्पष्ट सांगा. दर वेळी पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडं करणं एवढ्यानेही काहींचा त्रास कमी होतो.

वारंवार होणाऱ्या बुरशीला उपचाराची वेगळी पद्धत आहे. दर ७२ तासांनी एक अशा तीन गोळ्या, मग सहा महिने आठवड्याला एक. हे डॉक्टरने तपासून, गरज पडल्यास स्रावाची तपासणी करून ठरवायचं. कॅन्डिडाच्या काही जातींवर फ्लुकोनाझोलचा फारसा परिणाम होत नाही, तिथे गोळ्या वाढवून उपयोग नसतो.

दमेकऱ्यांच्या तोंडात बुरशी होते ती पंपातल्या स्टेरॉइडमुळे. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. कवळीवरची बुरशी तशीच ठेवून गोळ्या खाल्ल्या तर पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

पाळी चुकली असेल तर गोळी नको

दिवस गेले असण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी ही गोळी गिळायची नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, गरोदरपणात फ्लुकोनाझोल आणि गर्भपात यांच्या संबंधाबद्दल डॉक्टरांना सावध केलं होतं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जास्त डोसमध्ये दीर्घकाळ घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका तर आधीपासून माहीत आहे. गरोदरपणात बुरशी होते भरपूर, पण तिथे डॉक्टर क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी किंवा क्रीम साधारण सात दिवस देतात. नकळत एक गोळी घेतली गेली असेल तर घाबरून काही करू नका, डॉक्टरला तारीख सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईला १५० ची एक गोळी चालते, तरी विचारूनच.

बाळाच्या जिभेवरचा थर पाहून आजी मधात टाकणखार कालवते. आजीची माया खरी, पण हे करू नका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बाळासाठी विषारी, आणि वर्षाच्या आत मधही द्यायचा नसतो. बाळाला थेंब किंवा पेंट काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञ सांगतील. आईच्या स्तनाग्रांवर बुरशी असेल तर दोघांचा उपचार एकदम व्हायला हवा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फेरे सुरू राहतात.

घरातलं उरलेलं

नायट्यासाठी कुणाला तरी दिलेल्या इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल, ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात पडलेल्या असतात. 'बुरशीचीच आहे ना' म्हणून त्या घेतल्या जातात. ग्रिसिओफल्विन कॅन्डिडावर चालतच नाही. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी लागते, अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर ती नीट लागू पडत नाही, आणि हृदय कमजोर असलेल्यांना ती धोक्याची. फ्लुकोनाझोलला जेवणाचं असं बंधन नाही.

नायट्याच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोल हे जहाल स्टेरॉइड असतं. नाजूक जागी लावलं की दोन दिवस खाज थांबते, मग कातडी पातळ होते आणि बुरशी दुप्पट वाढते. हळद तर आपल्या सांगलीची शान, पण भाजीत. आत हळद, दही, डेटॉल काहीही लावू नका.

फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल एकत्र असलेलं किट नवरा-बायको दोघांसाठी मागणारेही येतात. नुसती बुरशी असेल तर त्यातली दोन औषधं विनाकारण पोटात जातात, आणि अँटिबायोटिकने बुरशी उलट वाढते. नवऱ्याला खाज, लाली नसेल तर त्याला औषधाची गरज नसते.

गोळी घेतली, फरक नाही

दुसऱ्या दिवशी सकाळीच "उतार नाही, अजून एक द्या" असं म्हणू नका. खाज एक ते तीन दिवसांत कमी व्हायला लागते, पूर्ण जायला आठवडा लागू शकतो. आठवड्यानेही तसंच असेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं. तोंडाच्या बुरशीला उलट चूक होते. तिथे कोर्स सात ते चौदा दिवसांचा असतो आणि तिसऱ्या दिवशी जीभ स्वच्छ दिसली की लोक गोळ्या सोडतात. किडनीचा त्रास असेल तर अशा कोर्सचा डोस कमी करावा लागतो, हे आधी सांगा. गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. काही कारण नसताना तोंडात बुरशी आली, तर डॉक्टर शुगर आणि एचआयव्ही तपासायला सांगतील, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

गोळीनंतर अंगावर पुरळ, ओठ-चेहरा सुजणं, डोळे पिवळे, छातीत धडधडून चक्कर, यांतलं काही झालं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. रिकामी पट्टी बरोबर न्या.

आमच्या दुकानात फ्रिजच्या मागे मी एक स्टूल ठेवलंय. तिथे बसलं की रस्त्यावरून दिसत नाही. बोलायला जड जात असेल तर कागदावर तीन ओळी लिहून आणा: त्रास काय आणि कधीपासून, शेवटची पाळी कधी, घरात रोज कुठल्या गोळ्या खाता. कागद माझ्या हातात द्या, मी वाचून झाल्यावर परत करते.